परतीचं भाडं

फोनवरच्या बाईचा आवाज गोड होता,
खोकल्याच्या औषधासारखा गोड.
"मिस्टर क्रेन्शॉ, आजच निघा. बसचं तिकीट आमच्याकडून.
आणि हातातली नोकरी सोडूनच या,
म्हणजे पाय मागे ओढणार नाहीत."

मी सोडली नाही.
दाढ काढायचीय सांगून चार दिवस मागून घेतले
आणि टेक्सार्कानाहून रात्रीची बस धरली.
डाव्या मोज्यात एकशेचाळीस डॉलर,
परतीचं भाडं.

मोज्याचं बर्निसने शिकवलेलं.
बर्निसने एकोणीस वर्षं कोंबड्या वाहिल्या आर्कान्साच्या रस्त्यांवरून,
रविवारी चर्चमध्येसुद्धा तिच्या केसांतून पिसं निघायची.
ती म्हणायची, ज्या मालकाला रोज नवी माणसं लागतात
त्याच्याकडून रोज जुनी जात असतात.
एवढं गणित कर, मग अर्ज भर.

जॉप्लिनचं मोटेल. एका खोलीत दोघं.
दुसरा लेव्हॉन पेटवे, मिसिसिपीचा,
बूट काढायच्या आधी मुलीचा फोटो दाखवणारा.
खिडकीसमोर आमच्यासारख्याच बारा खोल्या,
बारा टीव्ही, हवामानाची एकच बातमी.

सकाळी आधी डोनट आले, कागद मागाहून.
एकशेअकरा पानं.
जिथे जिथे सही हवी तिथे पिवळी चिठ्ठी,
म्हणजे वाचायची तसदी नको.
"आठवड्याला फक्त नऊशे," टायवाला म्हणाला,
"तीन वर्षं. मग ट्रक तुमचा, मालक तुम्ही."
आणि एखाद्या आठवड्यात लोडच मिळाला नाही तर?
"लोड मिळतोच."
कुठे लिहिलंय?
तो हसला. मागे कुणीतरी घसा खाकरला.

गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं
गाडी आपणच ओढतोय.
इथे ती खरंच कुत्र्याने ओढायची होती,
आणि वाटून घ्यायचं होतं की आपण आत बसलोय.

पोटाचं निमित्त करून कागद बाथरूममध्ये नेले.
टबाच्या काठावर बसून पानापानाचा फोटो काढला.
त्रेचाळिसावं पान:
वर्षाच्या आत सोडलंत तर प्रशिक्षणाचे अठ्ठावन्नशे तुमच्या डोक्यावर.
एकोणसत्तरावं:
दुरुस्ती तुमची, गॅरेज आमचं.
आणि अठ्ठ्याऐंशी, बारीक टाइपात:
निघून गेलात तर शेरा लागेल, 'ट्रक टाकून पळाला'.
पुढच्या कंपनीच्या दारात तुमच्याआधी
तो शेरा पोचलेला असेल.

बर्निसला फोन लावला.
खिडकीकडच्या कानाने तिला आता ऐकू येत नाही,
दोनदा ओरडून सांगावं लागलं, नळ सोडून.
कोऱ्या जागा आहेत का, तिने विचारलं.
आहेत. सहा.
"मग पेन खिशात ठेव, बाळा.
त्या जागा भरायला त्यांच्याकडे पेनं पुष्कळ आहेत."

रात्री लेव्हॉनला सगळे फोटो दाखवले.
त्याने एकेक पान बोटांनी मोठं करून वाचलं,
माझ्यापेक्षा सावकाश, माझ्यापेक्षा नीट.
काही बोलला नाही.
मग दिवा मालवल्यावर म्हणाला,
"तुझ्या मोज्यात भाडं आहे.
माझ्या मोज्यात माझा पाय."

पहाटे मी निघालो तेव्हा तो जागा होता,
झोपल्यासारखा.
खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट, खिशाला
मोटेलचं पेन.

डेपोपर्यंत अडीच मैल चाललो.
तिकीट शहाण्णव डॉलरचं.
चव्वेचाळीस उरले.
त्याच्या बुटात ठेवायला हवे होते,
किंवा निदान बर्निसचा नंबर.
हे सुचलं तेव्हा बस मिझुरीची हद्द ओलांडून
तासभर पुढे आली होती,
आणि समोरून, पलीकडच्या लेनमध्ये,
ट्रकमागून ट्रक उत्तरेला चालले होते,
सगळे नवे, सगळ्यांच्या दारावर एकच नाव.

सोमवारी फोरमनने विचारलं,
निघाली दाढ?
नाही, म्हणालो. राहिली.