सव्वा रुपया दंड

नेऊरगावकर पानामागे शंभर रुपये घेतात,
पान वाळवीने खाल्लेलं निघालं तरी.
शर्टाच्या टोकाने भिंग पुसतात, विचारतात,
‘कोळी ना? महादेव? डोंगरातले?
मग सारावसुलीत कशाला शोधता.
जंगलखात्याचे गुन्हे मागवा.’

वॉर्डातली माझी मंगळवारची ड्युटी
रेश्मा करते, रविवारची मी तिची.
असे चार मंगळवार
पुण्यातल्या या लांब टेबलाशी, पंख्याखाली,
मला न वाचता येणाऱ्या मोडीसमोर
मी एका मेलेल्या माणसाची वाट बघते आहे.

कमिटीला पन्नासच्या आधीचा कागद हवा.
मागच्या तारखेला साहेबांनी विचारलं,
देव कोणता. लग्नात काय काय करता.
मयताला पुरता की जाळता.
मी वरसूबाई सांगितली. वाघबारस सांगितली,
पोरांपैकी कोण वाघ होतो, कोण अस्वल,
आणि गुराखी त्यांना कसे हाकलून लावतात.
हसू आलं सांगताना, ते आवरलं.
साहेब म्हणाले, हे पुस्तकात वाचून कुणीही सांगेल.
आमच्यावर पुस्तकं आहेत
हे मला तेव्हा कळलं.

आज दोन वाजून गेल्यावर काका थांबले.
बोट कागदाच्या वर, न टेकवता.
‘खेवजी तुमच्यात कोण?’
खापरपणजा, मी म्हटलं. त्याचा मुलगा लुमा.
‘मग ऐका.’

लुमा बिन खेवजी केंगला, जात कोळी,
उमर अजमासे तीस.
सरकारी राखीव रानातील ऐनाची टहाळ
राबाकरिता तोडिली. बोजे चार.
कोयता जप्त.
दंड रुपया सव्वा, न दिल्यास कैद दिवस पंधरा.
सही येत नाही, सबब निशाणी कोयत्याची.

काकांनी भिंग माझ्याकडे सरकवलं.
काळ्या शाईतली एक वाकडी रेघ,
खाली मुठीएवढा ठिपका.
त्याचा कोयता त्यांनी काढून घेतला,
आणि त्याने त्यांच्याच टाकाने
त्यांच्याच कागदावर दुसरा काढला.

बा अजून भाजतो राब.
उन्हाळ्यात टहाळ, पाचोळा, शेण, वर मातीचा थर.
त्या राखेतून नाचणी वर येते तेव्हा
इतकी हिरवी असते की डोळे दुखतात.
लुमाच्या त्या वर्षी आली का नाचणी?
सव्वा रुपया आम्ही देवीपुढे ठेवतो, तोही जुळवून.
त्याने भरला, की येरवड्याला खडी फोडली?
पुढचं पान नाही.
‘नाहीच आहे,’ काका म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

फोटोला मनाई. नकलेला अर्ज.
अर्जात रकाना: मूळ व्यक्तीशी नातं.
त्याखाली: कागदाचा प्रकार.
मी लिहिलं, गुन्हा.
मग खोडून लिहिलं, पुरावा.
कारकून म्हणाला, खाडाखोड चालत नाही, नवा फॉर्म घ्या.

नव्यावर दोन्ही लिहिलं.

‘इथे सही.’
केली, पूर्ण नावाची, वळणदार.
शेजारी बॉलपेनने एक वाकडी रेघ गेली.
‘हे काय?’
काही नाही, पेन घसरलं.
त्याने शिक्का मारला, थोडा रेघेवरच.
मंगळवारी या, म्हणाला.