गट क्रमांक चार

एक्केचाळीस नावं.
जेवणाचं टेबल पुसून त्यावर पसरली,
सोहारच्या फ्लॅटमध्ये, गुरुवारी रात्री,
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
सात-सातचे गट करा, विद्यापीठातून कळवलेलं.
एक्केचाळीसला सातनं भाग जात नाही
हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नसावं,
आणि शिकवायचंय संगणकशास्त्र.

आधी आडनावांनी लावले.
एकाच गटात चार अल बलुशी, एकमेकांचे मावसभाऊ,
चर्चा कसली, लग्नाची बैठकच झाली असती.
मोडले. मग पाळ्यांनी लावले:
दिवसाचे इकडे, रात्रीचे तिकडे,
आणि ज्यांची पाळी दर आठवड्याला फिरते,
ज्यांना विचारलं तर सांगता येत नाही
की मंगळवारी कधी झोपणार,
ते सहा उरले. ते चौथ्यात.

शिजू, पेट्रोल पंपावर हिशेब लिहिणारा.
मेरीक्रिस, डायलिसिसची नर्स.
हुदा, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ.
गयासुद्दीन, स्मेल्टरच्या गेटवर.
एक जण, ज्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
आणि दत्ताराम पेडणेकर, बंदरावर क्रेन चालवतो,
वय अठ्ठेचाळीस, फॉर्मवर ‘प्रवेशाचं कारण’ या रकान्यात
‘मुलगी काय शिकते ते कळावं’.

पाचव्या आठवड्याचा विषय कोंडी.
एकाच्या हातात एक वस्तू, दुसऱ्याच्या हातात दुसरी,
दोघांना दोन्ही हव्यात, सोडत कुणीच नाही,
यंत्र चालू आणि काम बंद.
मी प्रश्न टाकला: ही कोंडी सुटते कशी?

नऊ दिवस कुणी काही लिहिलं नाही.
हिरवे ठिपके लागत, विझत.
कुणीतरी टाइप करतंय, असं दिसायचं,
मग पुसायचं.
ताटात शेवटची करंजी उरली की आपल्याकडे होतं तसं,
तुम्ही घ्या, नाही हो तुम्ही,
आणि ती सकाळी मऊ पडते.
मी आठवण केली. गोड शब्दांत.
मग जरा कमी गोड. मग गुणांचं नाव काढून.
आणि एका संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं
की नऊ दिवस माझ्यासमोर आहे
ती कोंडीच आहे.

शनिवारी पहाटे तीन-दहा.
पेडणेकर. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच,
आधी मराठीत उभं राहून मग चालू लागणारं.
‘आमच्या इथे दोन क्रेन एका रुळावर.
समोरासमोर आल्या तर भांडण नाही.
ज्याचा हुक रिकामा, तो मागे.’

तीन-चाळीसला हुदा, बहुतेक दूध पाजताना, एका बोटानं:
आजोळी पाटाचं पाणी ताऱ्यावर वाटतात,
अमुक तारा डोंगराआड गेला
की पाणी पुढच्याच्या खजुरींना,
तुमचं भिजून झालं असो वा नसो.

मेरीक्रिस: आमच्याकडे मशीन तीन, माणसं पाच.
पुढचं तिनं लिहिलं नाही.

मग शिजू, हिशेबनीसच तो:
दोन्ही हुक भरलेले असले तर?

पेडणेकर: ‘तर मुकादमाला फोन.
तो झोपलेला असतो.’

मी जागी होते. मुकादम मीच.
स्क्रीनच्या उजेडात चहा निवत होता,
बोटं कीबोर्डवर, आणि मी काही लिहिलं नाही.
गयासुद्दीन आला. तो नाव-न-येणारा आला.
फज्रच्या अजानपर्यंत सहाही जण
एकमेकांच्या मध्येच बोलत होते.

सकाळी, सवयीनं, प्रत्येकाखाली लिहिलं:
उत्तर चांगलं. संदर्भ द्या.

दुपारी पेडणेकराचं आलं:
‘संदर्भ: क्रेन नंबर दोन, धक्का क्रमांक नऊ.
रात्रपाळीला कधीही पाहता येईल.’

गुण दिले.
किती, ते मुलीला त्यानंच सांगू दे.