जनू तांडेलाचा निकाल

सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर चौदा.
आठ खाटा, एक एसी, आणि तो इतका घरघरतो
की गोष्ट मोठ्यानंच सांगावी लागते.
जेवणानंतर रोज थोडी, गेल्या सत्तावीस रात्री.
गाव खोटं, होडी खोटी,
आणि जनू तांडेल तर साफ खोटा.

तरी आज गुरुवार, उद्या सुट्टी,
आज त्याचा निकाल लागलाच पाहिजे असं ठरलं.

गुन्हा सगळ्यांना तोंडपाठ:
वादळात मागच्या होडीला बांधलेला दोर
जनूनं कोयत्यानं तोडला.
मागच्या होडीत त्याचा भागीदार, वासू.
तोडला नसता तर दोन्ही होड्या गेल्या असत्या,
कदाचित.
हे ‘कदाचित’ मी मुद्दाम ठेवलं होतं.
किनाऱ्यावर येऊन म्हणाला, दोर आपसूक तुटला.
मग वासूच्या जाळ्यांवर हक्क सांगितला,
मग घरावर.

इस्माईल पारकर, क्रेनवाला, म्हणाला,
दोर माफ. जाळी माफ नाहीत.
भीती एका क्षणाची असते,
जाळी उचलायला माणूस दुसऱ्या दिवशी
सावकाश चालत जातो.

बाबल्या सगळ्यांत लहान,
त्याला फक्त मुशी हवी होती, मोठ्या दातांची.

तिरोडकर म्हणाला, वासूच्या बायकोसमोर
कबूल करू दे, सुटला.
मी म्हटलं, आणि तिनं काय करायचं त्या कबुलीचं?
चुलीवर शिजते का ती?

खरं तर मलाच त्याला वाचवायचं होतं.
पंचविसाव्या रात्री मी वासूच्या मुलीला ताप आणला,
जनूला भर पावसात डॉक्टरकडे पळवलं,
पाठीवर ती पोर, पायात वहाण नाही.
खोलीला ते मुळीच पटलं नाही.
पारकर म्हणाला, ही लाच आहे.
जनूला नाही, आम्हाला देतोयस.

मी गप्प झालो.
तेवढ्यात दाराजवळच्या खालच्या खाटेवरून
खवणेकर बोलला.
अकरा महिन्यांत हा माणूस
मिठाशिवाय कशाबद्दल बोलला नव्हता.
गोष्ट सुरू झाली की भिंतीकडे तोंड करायचा,
आम्हाला वाटायचं, झोपतो.

“दोराचो आवाज कसो इलो?”

तडकन, मी म्हटलं. तिसऱ्या रात्री सांगितलं होतं.

“तडकन नाय.
ताणलेलो दोर कापलो काय आवाज मागसून येता.
आधी हात हलको जाता.”

एसी घरघरत राहिला.
कुणाच्या तरी मोबाईलवर उजेड आला, विझला.

“तेका मारू नको,” तो म्हणाला, “मराण सवंग आसा.
तेका पहाटे चाराक उठव.
दात घासूंदे.
बसच्या लायनीत उभो कर.
परवा परत.”

किती दिवस? बाबल्यानं विचारलं.

खवणेकर भिंतीकडे वळला होता.
पुढे कुणी काही विचारलं नाही,
पारकरनंसुद्धा नाही, ज्याला सगळंच विचारायचं असतं.
दिवा मालवला.
किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचा वास
दाराच्या फटीतून आत आला,
डोळे मिटले तर थेट देवगडचा.

शुक्रवारी, सुट्टी असून,
पहाटे चारला मोरीतला नळ वाजला.
आम्ही सातजण जागे होतो.
एकानंही कूस बदलली नाही.

रात्री बाबल्या म्हणाला, पुढे?
पुढे माझ्याकडे काहीच नव्हतं.
मग मी जनूला होडीतून काढला आणि इथं आणला,
निळा कोट दिला, हेल्मेट दिलं, नंबर दिला.
म्हटलं, जनू चारला उठला. दात घासले.
मग?
मग बसच्या रांगेत उभा राहिला.
मग?
बस आली नाही अजून.

खवणेकर भिंतीकडे तोंड करून होता,
पण श्वास झोपलेल्याचा नव्हता.

पारकर बराच वेळ छताकडे बघत होता.
मग म्हणाला,
पाण्याची बाटली दे त्याच्याकडे.
इथं ऊन फार लागतं.