मुलगी चावते, उपाय सांगा

रात्री अकरा वाजून सात मिनिटांनी
मी ग्रुपवर टाकलं:
मुलगी चावते. वय तीन वर्षं दोन महिने. उपाय सांगा.
भरमा रात्रपाळीला, उद्यमबागेत, भट्टीपाशी,
त्याचा फोन लॉकरमध्ये.
रेवू माझ्या कुशीत, तोंड उघडं टाकून झोपलेली,
वरचे दोन दात
तांदळाएवढे, निष्पाप.

दोन मिनिटांत नऊ उत्तरं.
मुचंडीबाई: तुम्हीपण एकदा करकचून चावा की,
आमच्या थोरल्याला लागू पडलं बगा.
किल्लेकर: हाताला कारलं चोळून ठेवा.
(दुसऱ्यांच्या पोरांच्या हाताला
मी कारलं कशी चोळत बसू?)
कोणी म्हणालं कॅल्शियम. कोणी म्हणालं जंत.
वडगावची सुलक्षणा: मोबाईल देत असणार तुम्ही.
हे तिनं सव्वाअकराला, मोबाईलवरूनच.
हलगेकर डॉक्टरांच्या मिसेसनी व्हिडिओ पाठवला,
चाळीस मिनिटांचा, इंग्रजी,
त्यात एक सोनेरी केसांचं पोर उशीला मिठी मारतं.
मधेच कुणाचंतरी:
घरगुती कुंदा, अर्धा किलोपासून, उद्या दहापर्यंत ऑर्डर द्या.

सगळ्यांना हात जोडले. अंगठे दाखवले.
आणि करून पाहिलं, खोटं कशाला बोलू.
सोमवारी जंताचं औषध.
मंगळवारी मीठमोहरी, ती चुलीवर तडतडली
तेवढंच.
बुधवारी मी तिला चावले.
हळूच, मनगटाला.
ती रडली नाही. बघत राहिली माझ्याकडे,
मी काहीतरी बोलले होते
आणि ते तिला बरोबर कळलं होतं, असं.
रात्रभर मला माझेच दात तोंडात टोचत राहिले.

गुरुवारी अंगणवाडीत मल्लव्वानं
हातानंच खुणावलं, आत या.
मी चंदगडची. लग्न होऊन इकडे आले त्याला सहा वर्षं.
बाजारात निभतं मराठीवर,
बँकेत मात्र फॉर्म हातात धरून
कुणीतरी ओळखीचं येईपर्यंत बसून राहते.
तशीच बसले उंबऱ्यावर.
बसूनं रेवूच्या हातातलं डब्याचं लाल झाकण घेतलं.
माझं आहे, ती म्हणाली.
नंदू, तो म्हणाला.
माझं आहे! जरा मोठ्यानं.
नंदू!
रेवूनं एकदा मल्लव्वाकडे बघितलं,
एकदा, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, माझ्याकडे.
मी गप्प होते.
मग तिनं तोंड उघडलं.

दात तेवढे दोन्ही भाषांत लागतात.

मल्लव्वा ओरडली नाही.
गुडघ्यावर बसली, एस.टी. थांबवावी तसा
तळवा पुढे धरला:
ब्याड.
रेवू गप्प.
ब्याड अन्नु, तंगी. ब्याड.
रेवूनं तळवा धरला, बोटं वाकडी, म्हणाली: ब्याड.
तिच्या मागून मीही म्हणाले.
जीभ वळवून, ड वर जरा थांबून.
सहा वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं.
मल्लव्वा हसली तेव्हा कळलं,
तिलाही वरचे दोनच दात होते.

आता आंघोळ ब्याड. भाकरी ब्याड.
चंदगडहून आईचा व्हिडिओ कॉल, ब्याड;
आई म्हणते, काय बोलली गं पोर?
सकाळी भरमा लोखंडाची काजळी घेऊन दारात येतो,
काय करूलालीस गं?
ब्याड! तो चप्पल तिथंच टाकून हसत सुटतो.
चावणं? रविवारी एकदा. मलाच.
संध्याकाळपर्यंत वळ गेला.

काल रात्री ग्रुपवर कुणीतरी नवीन:
मुलगा चावतो, काय करू?
कारलं आलं. जंत आले. मुचंडीबाई आल्या.
मी लिहिलं: कुणाला चावतो?
चावायच्या आधी काय म्हणतो?
निळ्या खुणा झाल्या.
बराच वेळ ती टाइप करत होती.
मग आलं:
अहो ताई, उपाय सांगा ना. झोपायचंय.