मानवत रोड

चोवीस तासांच्या आत हजर व्हायचं असतं.
त्या बावीस तासांनी आल्या,
नातवाच्या खांद्याला धरून, दोन तास शिल्लक ठेवून.
पिशवीत चार फोटो, चारीत पदर नीट.

परभणी. पोलीस अधीक्षक कार्यालय. परकीय नागरिक नोंदणी,
म्हणजे मी, एक लोखंडी कपाट
आणि वर्षातून तीनदा उघडणारं रजिस्टर.

नाव : कमरजहाँ बेगम.
राष्ट्रीयत्व : पाकिस्तानी.
जन्मस्थळ : मानवत.
पेन थांबलं. कुठलं मानवत?
"किती मानवत हायेत तुमच्याकडं?
पाथरीच्या अलीकडचं. अब्बा जिनिंगच्या काट्यावर होते,
कापूस तोलायचे."

यापूर्वी भारतात वास्तव्य?
अंगठा पेरांवरून फिरवत त्यांनी हिशोब केला.
"सोळा वर्षं निजामाच्या मुलखात.
मग एक वर्ष भारतात.
मग निकाह झाला."
रकान्यात एवढी जागा नव्हती.
मी लिहिलं : होय.

येण्याचं कारण?
"आपाचे गुडघे. तिला येववत नाही."
मी लिहिलं : नातेवाईक भेट.

टेबलावरची माझी पाटी नातवानं वाचून दाखवली.
"कच्छवे? दैठण्याचे का?"
हो म्हणालो.
झाली माझी पडताळणी.
ना फोटो, ना साक्षीदार, ना झेरॉक्स.

मग व्हिसाचं पान उघडलं.
ठिकाणं : परभणी शहर. खालच्या ओळीत आडवी रेघ.
"मानवतला जाऊन येते सांजेपर्यंत,
एष्टी अर्ध्या तासाला हाय म्हणे."
नाही, म्हणालो. नियम सांगितला :
ज्या गावाचं नाव, त्याच गावात.
"घर तो कब का पड गया. कुणाला भेटायचं नाही.
नुसतं जाऊन यायचं."
तोच नियम दुसऱ्यांदा सांगताना
माणसाचा आवाज थोडा चढतो.
माझाही चढला.

नातू म्हणाला, अर्ज केला तर?
अर्ज इथून मुंबईला जातो, मुंबईहून दिल्लीला.
उत्तर येतं, येत नाही असं नाही.
व्हिसा पंचेचाळीस दिवसांचा,
उत्तराचे दिवस कुणी मोजलेले नाहीत.

त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.
बाहेर जप्तीच्या मोटारसायकली,
एकीच्या सीटवर कोंबडी.
बघता बघता विचारलं,
"अमृतसरची गाडी मानवत रोडवरून जाते ना?"
जाते. थांबत नाही.
"मग तो गुन्हा?"
गाडीचा रस्ताच तो, म्हणालो, गुन्हा कसला.
आणि उगाच पुढं बोलून गेलो,
तसंही मानवत रोड म्हणजे मानवत नव्हे,
गाव लई आत आहे स्टेशनापासून.
"मला सांगता?" त्या पहिल्यांदा हसल्या.
"बैलगाडीत झोपायचो आम्ही, स्टेशन आलं की उठवायचे."

उठता उठता म्हणाल्या,
"स्टेशनाच्या पाटीवर उर्दूतबी नाव होतं. हाय का अजून?"
वीस वर्षं त्या मार्गानं जातोय येतोय.
सांगता येईना.
"असू द्या. मी बघीन.
गाडी फार जोरात नसली तर."

बेचाळिसाव्या दिवशी निघाल्याची नोंद झाली.
भेट दिलेली ठिकाणं : परभणी शहर.
शिक्का जरा तिरका पडला.
पाटी कुठल्या बाजूला येते, ते मी रेल्वेतल्या दोस्ताला
आधीच विचारून ठेवलं होतं.
एका चिठ्ठीवर लिहून दिलं : डावीकडची खिडकी.
ही चिठ्ठी कुठल्याच रजिस्टरला लागत नाही.

पुढं चैत्रात साडूच्या पोरीच्या लग्नाला जालन्याला निघालो.
डावीकडची खिडकी धरली.
पेडगाव गेलं तसा पेपर मिटला, चष्मा पुसला.
स्टेशन आलं
आणि मधल्या रुळावर मालगाडी उभी.
काळे, बंद डबे, एकामागून एक,
पाटी त्यांच्या पलीकडं.
मी डबे मोजले. एकेचाळीस.

येताना रात्र होती.