पुळणीवरचा ट्रॅक्टर

पेजर वाजला तेव्हा मिसेस प्रोबर्टच्या डोक्याची
डावी बाजू कापून झाली होती, उजवी राहिली होती.
कात्री ट्रेमध्ये टाकली. "बसा," म्हटलं.
"बसतेच," ती म्हणाली. "तू पळ."
आमच्या पोर्थ ग्वीलानमध्ये अर्धे केस कापलेली बाई
दुकानाच्या काचेतून दिसली, की लोक समजतात :
बोट निघाली.

मी बोट चालवत नाही. ट्रॅक्टर चालवते.
बोटीला गाड्यावर पुढे ढकलत पुळण उतरायची,
पाणी कमरेला लागेपर्यंत आत जायचं,
दोर सुटला की थांबायचं.
पुढचं काम त्यांचं :
गेथिन, जो एरवी गळके बॉयलर दुरुस्त करतो,
पोस्टातली मार्गेड, जिचं अक्षर कुणालाच लागत नाही,
आणि एकोणीस वर्षांचा इओलो, ज्याला
अजून दर वेळी उलटी होते, तरी येतो.
पगार कुणालाच नाही.

त्या दिवशी समुद्र? इस्त्री केलेला.
गोम तिथेच आहे.
वारा डोंगराकडून, मेंढ्यांचा वास घेऊन आलेला,
अंगाला गोड लागणारा.
काठाजवळ एक सुरकुती पडू देत नाही,
आणि हवा भरलेला गुलाबी फ्लेमिंगो, वर नऊ वर्षांचा पोरगा,
अलगद, दार लोटावं तसा, दूर लोटत नेतो.
पोरगा आधी गंमत म्हणून हात हलवत होता.
मग गंमत गेली.
हात हलतच राहिला.

त्याची आई सँडलचे पट्टे सोडत होती,
तेवढ्यात आइस्क्रीमवाला म्हातारा इव्होर आडवा आला.
"तू जायचं नाही. बोट दाखव.
तो जिथं आहे तिथं बोट धर, नजर काढू नकोस.
फोन मी करतो."
ती त्याला शिव्या घालत होती,
मी ट्रॅक्टर घेऊन पोचले तेव्हाही घालत होती,
पण बोट धरून होती.

माझा भाऊ एमिर थांबला नव्हता.
नोव्हेंबरात, धक्क्यावरून, कुत्र्यामागे उडी.
कुत्रा पायऱ्यांनी आपला आपण वर आला,
अंग झाडलं.
पुढे अकरा वर्षं जगला. खाऊ मीच घालायचे.
राग यायचा? यायचा.
पण त्याचं काय चुकलं होतं.

आता सोमवारी शाळेत जाते.
व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर पोरांना उताणं झोपवते.
हात पसरा. कान पाण्यात. डोळे छताकडे.
पोहू नका, झगडू नका,
गार पाण्याचा पहिला धसका ओसरेपर्यंत
नुसते तरंगा.
पोरं खिदळतात. खिदळू देत.

चाळीस मिनिटं.
मी दिवसाउजेडीही ट्रॅक्टरचे दिवे लावून ठेवते,
त्यावरून सगळे मला हसतात.

गेथिननं नंतर सांगितलं, उन्हात पाणी असं चमकत होतं
की काही म्हणजे काही दिसेना.
मागे वळून पाहिलं, तर पुळणीवर एक बाई, एक हात.
"मग बोट तिच्या बोटाच्या रेघेत धरली."

पोरगा आला, चांदीच्या कागदात गुंडाळलेला,
ओठ निळे, दात वाजत होते.
फ्लेमिंगो आयर्लंडकडे गेला, तो गेला.
आईनं डाव्या हातानं त्याला आवळून धरलं,
उजवा तसाच, समुद्राकडे ताणलेला.
इव्होरनं तो मनगटाशी धरून
हळूहळू खाली आणला.

दुकानात मिसेस प्रोबर्ट, गळ्याशी तीच चादर,
डुलकी घेत होती.
"मिळाला?" डोळे न उघडता.
"मिळाला."
"मग उजवीकडे जरा आखूड ठेव."
माझ्या हातात कात्री ठरेना.
म्हटलं, आधी चहा घेऊ.