उभा आस

हल शहरात, नदीला खेटून असलेल्या दवाखान्यात,
रेमंड स्टॅदर्स, वय अठ्ठ्याहत्तर, उजवा खुबा नवा,
कठड्याला धरून विचारतात,
"आज कुठला धडा, बाई?"

मी म्हणते, सरळ उभे राहा. तळवे पुढे.
काही मागत नाही, काही लपवत नाही, असे.
आता समजा, एक काच नाकाच्या शेंड्यावरून खाली गेली,
डावे तुम्ही, उजवे तुम्ही, निम्मे निम्मे.
चालणं, वाकणं, खुर्चीत बसणं, सगळं हिच्या अंगाने.
दुसरी कानांवरून उतरली. पाय बाजूला न्या. ही तिची हद्द.
तिसरी कमरेत आडवी, टेबलासारखी. वळणं तिच्यावर.

म्हणजे होकार पहिल्या काचेत, नकार तिसऱ्या.
आणि आमच्याकडची मान,
जी धड हो नाही, धड नाहीही नाही,
ती दुसऱ्या काचेत डोलते.
करून दाखवली. स्टॅदर्सना जमली नाही.
नर्सला जमली.

ते एकतीस वर्षं पुलावर होते.
गलबत आलं की घंटा, फाटक बंद,
आणि रस्ता, डांबरासकट, पांढऱ्या पट्ट्यांसकट, आभाळाकडे.
"पूल आम्ही उचलत नव्हतो," ते म्हणतात.
"मागे तळघरात तेवढंच ओझं होतं. ते बसायचं, हा उठायचा.
मोटर? तुझ्या धुण्याच्या यंत्राहून थोडी मोठी."

तासगावात मगदूम सरांनी टेबलावर
कात्री, अडकित्ता आणि चिमटा मांडला होता.
टेकू मध्ये, भार मध्ये, बल मध्ये.
अडकित्ता त्यांच्या आईचा. तास संपल्यावर
त्यांनी तो रुमालात गुंडाळून खिशात घातला,
आणि सुपारीचे दोन तुकडे पहिल्या बाकावर राहिले.

मानेवर डोकं: कात्री.
टाचा उचलून उभं राहणं: अडकित्ता.
कोपर मात्र चिमटा. स्नायू सांध्याला इतका चिकटून
की हातात एक किलो धरायला
दंडाला सात-आठ किलोंचा जोर लावावा लागतो.

स्टॅदर्स हसतात, खोकतात, पुन्हा हसतात.
"ज्याने हे आखलं
त्याला आमच्या खात्याने ठेवला नसता."
मी म्हणते, पण बघा ना,
दंड बोटभर आखडतो
आणि हात पार तोंडापर्यंत पोचतो.
ते चहाचा कप उचलून खात्री करून घेतात.

काचेला काटकोनात, आरपार, एक सळई असते.
तिच्याभोवती सगळं फिरतं.
तिला आम्ही आस म्हणतो.
तो आस.
ती आस म्हटलं की अर्थ बदलतो.
हे त्यांना सांगता येत नाही,
त्यांच्या भाषेत सळईला लिंग नाही.

फॉर्मवर एक रकाना आहे: रुग्णाचं ध्येय.
लोक लिहितात जिना, बाग, नातवाचं लग्न.
हे म्हणाले, "डाव्या कुशीवर वळायचंय."
एवढंच?
"खिडकी डावीकडे आहे. सहा आठवडे छत बघतोय.
पहाटे घंटा होते, पूल उठतो,
आणि कोण उठवतंय ते मला दिसत नाही.
नवीन पोरगं घाई करतं. कानाला कळतं."

आज पलंगावर सराव.
गुडघ्यांत उशी. खांदा आणि खुबा एकदम, सुटे नाही.
डोक्यापासून टाचांपर्यंत जाणारा तो आस,
पुस्तकात त्याचं नाव उभा,
माणूस निजला तरी उभाच.

एक. थांबा. श्वास.
दोन.
उशी सरकते. पुन्हा.
माझा हात त्यांच्या पाठीमागे, न लावता,
तळघरातल्या ओझ्यासारखा.

वळले.

इथे खिडकी नाही. भिंत आहे, हिरवट,
आणि त्यावर हात धुण्याची सूचना.
ते ती सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचतात.
मी रकान्यात तारीख घालते
आणि वाचून होईपर्यंत
पाठीमागचा हात काढत नाही.